दमट किनाऱ्यावरील घरांचे ऊर्जामापन

राष्ट्रीय इमारत संहितेने भारताचे जे पाच हवामान-विभाग पाडले आहेत, त्यांपैकी ‘उष्ण-दमट’ विभागात मांडव्यापासून हरिहरेश्वरापर्यंतचा रायगडचा किनारा मोडतो. येथे पारा विदर्भाइतका चढत नाही, परंतु हवेत बाष्प इतके असते की अंगावरचा घाम वाळत नाही आणि रात्रही फारशी थंडावत नाही; त्यामुळे घरात वीज कशासाठी खर्च होते हे तपासताना येथे विचारायचे प्रश्न नागपूरपेक्षा वेगळे, आणि युरोपपेक्षा तर अगदीच वेगळे असतात.

या तपासणीस ऊर्जा लेखापरीक्षण म्हणतात. प्राथमिक पाहणीत तपासनीस महावितरणची वर्षभराची बिले पाहतो, घरात फिरून पंखे, पंप, फ्रिज, एसी यांची नोंद घेतो आणि ढोबळ नासाडी दाखवून देतो. सविस्तर लेखापरीक्षणात यंत्रांचा वीजवापर उपकरणांनी मोजला जातो, छपराचे व भिंतींचे तापमान अवरक्त कॅमेऱ्याने टिपले जाते आणि सुचवलेल्या सुधारणेचा खर्च किती वर्षांत भरून निघेल हेही मांडले जाते. साध्या घराला पहिली पाहणी पुरते. मोठे हॉटेल किंवा शीतगृह यांचे मात्र दुसऱ्या प्रकारावाचून भागत नाही.

या मोजणीतून निघणारा प्रमुख आकडा म्हणजे ऊर्जा कार्यक्षमता निर्देशांक, अर्थात वर्षभरात वापरलेल्या युनिटांना चौरस मीटरमधील क्षेत्रफळाने भागून येणारी संख्या. 100 चौरस मीटरच्या घरात वर्षाला 3,000 युनिट लागत असतील, तर ती 30 येते. परंतु अलिबाग, किहीम, नागाव येथे मुंबईकरांचे जे बंगले केवळ शनिवार-रविवारी उघडतात, त्यांचा निर्देशांक कमी येतो तो बांधणी उत्तम असल्यामुळे नव्हे, तर घर आठवडाभर बंद असल्यामुळे. म्हणूनच प्रत्यक्ष वापराच्या मूल्यमापनाबरोबर बांधणीचेही मूल्यमापन व्हावे लागते. त्यात राहणाऱ्यांच्या सवयी बाजूला ठेवून छप्पर, भिंती आणि खिडक्या यांतून किती उष्णता आत शिरते एवढेच पाहिले जाते.

त्यासाठी केंद्र सरकारची 2018 सालची इको-निवास संहिता हे भारतीय हवामानाचा विचार करणारे मोलाचे साधन आहे. छताच्या एक चौरस मीटरमधून, आत-बाहेर एक अंशाचा फरक असताना, 1.2 वॉटपेक्षा अधिक उष्णता जाऊ नये, अशी मर्यादा ती घालते. उष्ण-दमट विभागात उघडता येणाऱ्या खिडक्या-दारांचे क्षेत्रफळ चटईक्षेत्राच्या किमान 16.66 टक्के, म्हणजे 600 चौरस फुटांच्या घरात सुमारे 100 चौरस फूट, असावे असेही ती सांगते. उष्ण-शुष्क विभागात हेच प्रमाण 10 टक्के आहे. समुद्रावरून येणारा वारा घरातून आरपार गेला की घाम वाळतो, हे या फरकामागचे कारण.

थंड देशांत दारात मोठा पंखा बसवून आतला व बाहेरचा दाब यांत 50 पास्कलांचा फरक निर्माण करतात आणि फटींतून किती हवा गळते ते मोजतात. ही चाचणी किनाऱ्यावरील एसी खोलीला उपयोगी आहे, कारण फटींतून शिरणाऱ्या बाष्पाचे पाणी करण्यातच यंत्राची बरीच वीज जाते. उघड्या खिडक्यांच्या, पडवीच्या घराला मात्र ती गैरलागू आहे.

बैठ्या घराच्या बाबतीत सर्वाधिक लक्ष छपराकडे द्यावे लागते, कारण माथ्यावरचे ऊन थेट तेथेच पडते. 3 जून 2020 रोजी श्रीवर्धन-दिवेआगर परिसरात धडकलेल्या निसर्ग चक्रीवादळाने अनेक घरांचे छप्पर उडवले. अशा वेळी कौलांच्या जागी नुसता पत्रा घातला, तर वाऱ्याचा प्रश्न कदाचित सुटेल, पण खाली छत किंवा उष्णतारोधक थर नसल्यास दुपारी घरात बसवणार नाही आणि पुढे एसीचे बिल येईल. छपराचा हिशेब ही तपासणीची पहिली पायरी मानली पाहिजे.

इको-निवास संहिता 500 चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांवरील निवासी इमारतींसाठी आहे, त्यामुळे गावातील बहुतेक घरे तिच्या कक्षेबाहेर राहतात. ग्रामपंचायतींनी आणि वास्तुरचनाकारांनी लहान घरांच्या आराखड्यांतही छताची उष्णतावाहकता व खिडक्यांचे प्रमाण हे दोन आकडे स्वेच्छेने लिहावयास सुरुवात करावी.