वादळाची सूचना आणि आपला हिशेब

मिठी नदी जेथें समुद्रास मिळते त्या माहीमच्या कोळीवाड्यांत, बंदरावर बावटा लागला कीं होडी वर ओढावयाची, हा जुना परिपाठ आहे. वादळ आलें नाहीं तर एका दिवसाची मासळी बुडते; त्यावरून जाणता कोळी बावट्यास खोटा म्हणत नाहीं. रस्त्यापलीकडील आम्हां नागरिकांची समजूत मात्र निराळी.

ता. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ वादळ मुंबईवर येणार म्हणून शहर दारें लावून बसलें. वादळ अलिबागेच्या दक्षिणेस किनाऱ्यास लागलें. येथें झाडें पडलीं, पण भीति होती तितकें कांहीं झालें नाहीं; लगेच ‘उगाच भिवविलें’ असें बोलणें सुरू झालें! त्याच दिवशीं श्रीवर्धन, दिवेआगर येथील नारळी-पोफळींच्या बागा भुईसपाट झाल्या होत्या. नवी पोफळ फळावर यावयास ५-६ वर्षें तरी जातात, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको.

पुढील वर्षीं ता. १७ मे रोजीं ‘तौक्ते’ वादळ मुंबईस न लागतां समुद्रांतूनच गुजराथेकडे गेलें, तरी कुलाब्यास वाऱ्याचा वेग ताशीं ११४ किलोमीटरपर्यंत चढला. सूचना कांहीं दिवस आधींच निघाली होती. असें असतां २६१ माणसें असलेली ‘पी-३०५’ ही बार्ज तेलक्षेत्रानजीक समुद्रांतच राहिली व बुडाली. तींतील ७० हून अधिक माणसें गेलीं. कोंकणांत तेव्हां हापूस झाडावर होता. कच्चें फळ उतरवावें तर भाव जातो, न उतरवावें तर फळच जातें. अशा पेंचांत ‘गेल्या खेपेस कोठें काय झालें?’ हा हिशेब बागाईतदारास हमखास आड येतो.

दुसरी गोष्ट अंतराची. ता. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रुझ येथें २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. कुलाब्यास त्याचा दहावा हिस्साही नाहीं. माहीम या दोहोंच्या मध्यें आहे. सूचना जिल्ह्याची असते; आपण ती आपल्या अंगणाची समजतों.

हवामान खात्याचा पिवळा रंग म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा, लाल म्हणजे कामास लागा. आमच्या मतें बागाईतदारानें नारिंगी रंगावरच गडी बोलवावे, पंप उंचावर न्यावा, तयार फळ उतरवावें. लाल रंगाच्या सकाळीं वारा सुटल्यावर गडी झाडावर चढूं शकत नाहीं.