लकडगंजातला गंज

टेलिफोन एक्स्चेंज चौकात मेट्रोतून उतरून आम्ही लकडगंजात शिरतो तेव्हा सर नुकतीच थांबली आहे. श्रावणातलं नागपूर. ऊन नाही, वारा नाही, नुसती वाफ. रस्त्याच्या कडेला ओल्या ओंडक्यांच्या थप्प्या आहेत आणि त्यांच्या तोंडांवर खडूने लिहिलेले आकडे पावसाने फिसकटलेत. आधी आरामशीनचा आवाज येतो, मागून सागाचा तो जुन्या चामड्यासारखा वास. बल्लारशा-आलापल्लीकडच्या या सागाला बाजार अजूनही ‘सीपी टीक’ म्हणतो. सीपी म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस. प्रांत गेला, नागपूरची राजधानी गेली, साग मात्र त्याच नावाने विकला जातोय.

भाची माझ्यापुढे झपाझप चालते आहे. वय १४. पाठीवरच्या पिशवीत बर्फावर धावायचे बूट.

एरवी ती चाकांच्या स्केट्सवर असते. या मे महिन्यात देहरादूनला शिबिराला गेली होती, हिमाद्री रिंकवर. ऑगस्ट २०२५ मध्ये शॉर्ट ट्रॅक स्पीड स्केटिंगची आशियाई खुली स्पर्धा झाली तीच ही रिंक. नागपूर ४५ अंशांवर तापलेलं असताना ही पोरगी बर्फावर पडत होती. परत आल्यावर बूट होते तसे, पात्यांवरच्या कापडी खोळींसकट, कपाटात गेले. दोष कुणा दुसऱ्याचा नाही, आमच्याच घरचा. काल पिशवी उघडली तर खोळींना आतून तांबूस डाग. खोळ काढली आणि तिचा चेहरा पडला.

बर्फाच्या स्केट्सचं काम करणारं नागपुरात मला कुणी माहीत नाही. पण पोलादाच्या लांब पात्यांवर आयुष्य काढलेली माणसं या शहरात कुठे बसतात, हे माहीत आहे.

गाळा आठ बाय दहाचा. छताला पिवळा दिवा, भिंतीवर आरामशीनचे पट्टे वेटोळी करून टांगलेले. एक पट्टा यंत्रावर चढवलेला आहे. दगडाचं छोटं चाक एका दातावर उतरतं, चर्र करून उठतं, पट्टा एक दात पुढे सरकतो, चाक पुन्हा उतरतं. मिस्त्री त्याकडे बघतसुद्धा नाहीत. कान तिकडे लागलेला आहे, तेवढा पुरतो. साठीचे असावेत. डाव्या अंगठ्याचं नख शिंगासारखं जाड आणि पिवळं.

“कायची पाती होय जी हे?”

“बर्फावर धावायची, काका,” भाची म्हणते.

“बर्फावर!” ते एक बूट उचलतात. पातं हातभर लांब, जाडी जेमतेम मिलिमीटर, सव्वा मिलिमीटर. ते बूट दिव्याकडे धरतात, एक डोळा मिटतात आणि बंदुकीवरून नेम धरावा तसं पात्यावरून बघतात. दुसरा बूट उचलून तेच. मग शांतपणे हातोडी ओढतात.

“वाकली हायेत दोन्ही. डावीकडं. सरळ करून देतो, दोन मिनिटांचं काम हाये.”

“नको!” भाची एवढ्या जोराने ओरडते की शेजारच्या गाळ्यातला पोऱ्या डोकावून जातो.

मग ती उभ्या उभ्या त्यांना समजावते. शॉर्ट ट्रॅकचा फेरा १११.१२ मीटरचा, आणि वळण कायम डावीकडेच. म्हणून पाती मुद्दाम डावीकडे वाकवलेली असतात. शिवाय तळ सपाट नसतो; साधारण आठ मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढलं तर त्याचा एक तुकडा म्हणजे हा तळ. एका वेळी बर्फाला टेकतो तो मधला थोडासा भाग. तेवढ्यावरच तर वळता येतं.

मिस्त्री हातोडी खाली ठेवतात. मला वाटतं, आता चिडतील. पण ते उठून भिंतीवरचा एक पट्टा काढतात आणि त्यावर आडवी पोलादी पट्टी धरतात. “इकडं पाह्य, बेटा. उजेड दिसते काय खालून?”

दिसतो. पट्टीच्या दोन्ही टोकांना पट्टा टेकलाय आणि मध्ये केसाएवढी उजेडाची रेघ.

“ठोकून ठोकून पोट ढिलं केलं हाये याचं. कडा ताठ राहिल्या पाह्यजे. अगदी सरळ ठेवला तं चाकावर टिकत नाही, लाकडात नागासारखा चालते.” मग माझ्याकडे वळून, “पोरगीले समजते जी.”

एवढ्यावर दोघांचं जमतं. पुढचा तासभर मी तिथे उगाचच आहे.

मिस्त्री खोळ नाकाशी नेतात. “ओल्या भुशाचा वास.” पावसाळ्यात रात्री पट्ट्यावर ओला भुसा राहिला की सकाळी दात लाल झालेले असतात, हे ते सांगतात. लाकडाचा रस आंबट असतो, आणि भुसा पाणी धरून ठेवतो. हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की पोलादाला गंज झपाट्याने चढतो, असं पुस्तकं म्हणतात. श्रावणात ही मर्यादा नागपूर कधी ओलांडतं ते कपाटातल्या चपलांना विचारावं. म्हणून संध्याकाळी मशीन थांबली की आधी भुसा झाडायचा, मग घासलेटात थोडं तेल घालून पट्टा पुसायचा, आणि मगच घरी जायचं.

“नाही पुसलं तर?” मी विचारते.

ते मागच्या भिंतीकडे बोट करतात. सर्वांत आतल्या खिळ्यावर एक वेटोळं लटकलं आहे, तपकिरी झालेलं. १९९७ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या विनापरवाना आरामशीन ताबडतोब बंद करायला सांगितल्या. त्या सुमारास कुणीतरी हा पट्टा धार लावायला टाकून गेलं. न्यायला कुणी आलं नाही. मिस्त्री तो खाली घेतात आणि दोन दातांमधल्या खोबणीत नख टेकवतात. तिथे मोहरीएवढा खड्डा आहे, आणि खड्ड्यातून निघालेली एक बारीक चीर. पट्टा दर फेऱ्याला चाकावर वाकतो आणि सुटल्यावर सरळ होतो. दिवसभरात हजारो वेळा. जिथे गंजाने खड्डा पाडला तिथूनच तो फाटतो. हा पट्टा ते फेकत का नाहीत, हे मी विचारत नाही.

“मग बुटांची पाती मशीनवर एकदा फिरवून घ्या ना,” मी घाई करते. ठिणग्या उडालेल्या बघायच्या होत्या, खरं सांगायचं तर.

“निळं पडलं का मेलं.” मिस्त्री मान हलवतात. पोलाद तापलं की आधी गवतासारखं पिवळं दिसतं, तीनशे अंशांच्या आसपास निळं. निळं झालं की पाणी उतरलं, धार धरत नाही. एवढ्या पातळ पात्याला दगडाच्या चाकाखाली तापायला क्षणसुद्धा लागत नाही. आणि तळाला तर ते हात लावायलाच तयार नाहीत. तो देहरादूनच्या कोचकडे जायचा, दोन्ही बूट चौकटीत उलटे आवळून सपाट दगडाने हातानेच घासायला.

मग कोपऱ्यातून गंज येतो. आमच्याकडे पातेल्यालाही गंजच म्हणतात. तेव्हा लकडगंजात, गंजात घासलेट ओतून, गंज काढायचं काम सुरू होतं. मिस्त्री चिंधी भिजवून पात्याच्या बाजू पुसतात. वरवरची लाली लगेच चिंधीवर उतरते. उरलेल्यासाठी सागाचा काडेपेटीएवढा ठोकळा, त्याला गुंडाळलेला झिजून गुळगुळीत झालेला पाणीपेपर. नवा नको, ओरखडे पडतात. ठोकळा ते भाचीच्या हातात देतात.

“लांबीनं चाल. आडवं गेली तं धार गेली.”

ती खाली बसून घासायला लागते. टाचेपासून चवड्यापर्यंत, पुन्हा टाचेपासून. पातं जिथे वरच्या नळीत बसवलं आहे त्या सांध्यात तांबडी रेघ आहे, तिथे मिस्त्री सागाची ढलपी टोकदार करून देतात. लोखंड नाही, लाकूडच. आईने सकाळी लिंबू सुचवलं होतं, ते मी सांगते. ते नाही म्हणत नाहीत. आंबट गंज खातं, पण नंतर लोखंडही खायला लागतं. सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच कोरडं केलं नाही तर तासाभरात पुन्हा लाल. “तांब्याच्या गडव्याले लावा लिंबू.”

घासता घासता भाची कबूल करते. कोचने सांगितलं होतं की बर्फावरून आल्यावर पाती पुसायची आणि दहा मिनिटांनी पुन्हा पुसायची. ती एकदाच पुसायची.

“दुसऱ्यांदा कायले?” मी.

“थंड बाटलीले घाम येते ना,” उत्तर मिस्त्रीच देतात. बर्फ कधी पाहिलेला नाही या माणसाने, फ्रीजबाहेरचा.

पाती आता करडी, स्वच्छ दिसताहेत. एकाच ठिकाणी, उजव्या बुटाच्या पुढच्या भागात, धारेपासून दोन केसांवर काळा ठिपका उरलाय. मिस्त्री नख फिरवतात. नख अडतं. भाची त्यांच्या तोंडाकडे बघते.

“हा आज नाही जात. धार लावत लावत त्याच्यापर्यंत पोचशील तेव्हा जाईल.”

शिलाईमशीनच्या तेलाचे चार थेंब, कोरडी चिंधी, मग तेलकट वर्तमानपत्राची घडी. खोळी पंख्यासमोर खिळ्यावर वाळताहेत. बर्फावर उतरायच्या आधी तेल नीट पुसून टाक, असं बजावून ते ५० रुपये घेतात आणि मूठभर कोरडा भुसा हातावर चोळून हात साफ करतात.

बाहेर पुन्हा थेंब सुरू झालेत. इतक्या वेळाने गुळगुळीत झालेलं ते पातं मला एकदा हाताला लागावं असं वाटतं. मी बोट पुढे करते आणि भाची फटकन माझा हात उडवते.

“आत्या! घाम!”

मिस्त्री यंत्राकडे पाठ करून हसताहेत. चाक पुढच्या दातावर उतरतं.