गडावर वाराच नसता तर?

जिजाऊसाहेबांचा वाडा रायगडावर नाही, खाली पाचाडात का? गावातलं सात-आठ वर्षांचं मूल चटकन सांगेल, वर वारा नि गारठा फार. तो वारा त्याने अंगावर घेतलेला असतो. पण ‘समजा, गडावर वाराच नसता तर?’ असं विचारलं की ते अडतं: ‘पण वारा असतोच ना!’ नसलेलं खरं मानून पुढे विचार करणं बहुधा अकरा-बारा वर्षांनंतर जमू लागतं.

विचारातला हाच बदल दाखवणारा, मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे आणि बार्बेल इनहेल्डर यांनी १९५५ साली पुस्तकरूपात मांडलेला लंबकाचा प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. दोरीला वजन टांगायचं. हेलकावे भरभर कशाने होतात, ते शोधायचं. लहान मूल दोरी आखूड करतं, त्याच दमात वजनही बदलतं आणि श्रेय वजनाला देतं. मोठं मूल वजन तेच ठेवून फक्त दोरी बदलतं. खरं कारण दोरीची लांबी, हे तेव्हा उमगतं.

असा विचार जमू लागण्याचं वय सगळीकडे सारखं नसतं. ही क्षमता पंधरा ते वीस वर्षांच्या दरम्यान, ज्याच्या-त्याच्या आवडीच्या नि कामाच्या क्षेत्रात दिसू शकते, असं पियाजेंनीच १९७२ साली लिहिलं. बीजगणितात अडणारी मुलगी भाताच्या खाचरातलं पाणी कुठून झिरपतं, ते एकेक शक्यता बाद करत शोधून काढू शकते.