क्रमांक संस्थेचा, निवड मुलाची

नीट परीक्षेचा निकाल लागला की माझ्या दवाखान्यात एक निराळीच वर्दळ सुरू होते. ज्यांना मी कधी काळी लसी टोचल्या, ती मुले आईवडिलांना घेऊन येतात. हाती महाविद्यालयांची यादी आणि ओठी एकच प्रश्न असतो : "डॉक्टरसाहेब, यांत वरचे कोणते?"

काही वर्षांपूर्वी अशाच एका मुलाला मी क्षणभरही न थांबता यादीतील सर्वांत वरचे नाव सांगितले. इंदुरात आजीच्या छायेत वाढलेला तो मितभाषी मुलगा दूरच्या प्रांतात गेला. पाच महिन्यांनी परतला तो नऊ किलो वजन गमावून, झोप हरवून. रुग्णांची भाषा कळत नव्हती, वसतिगृहात मन मोकळे करावे असे कोणी नव्हते. दोष त्या महाविद्यालयाचा नव्हता. मी यादी पाहिली होती, मुलाकडे पाहिले नव्हते.

क्रमवारी नेमके काय मोजते, हे आपण क्वचितच विचारतो. केंद्र शासनाची 'एन. आय. आर. एफ.' ही क्रमवारी २०१६ पासून प्रसिद्ध होते; वैद्यकीय महाविद्यालयांचा स्वतंत्र गट तीत २०१८ साली आला. तिचे निकष पाच : अध्यापन व साधनसामग्री यांना ३० टक्के भार, संशोधनाला ३०, विद्यार्थ्यांच्या निष्पत्तीला २०, सर्वसमावेशकतेला १० आणि लौकिकाला १०. बरीचशी माहिती संस्था स्वतःच पुरवतात. हे निकष निरर्थक नाहीत. अध्यापकांची संख्या व संशोधनाची परंपरा यांना निश्चितच मोल आहे. परंतु प्राध्यापकांच्या शोधनिबंधांवरून पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला शरीररचनाशास्त्र कसे शिकवले जाते, हे कळत नाही. शिवाय देशात सातशेहून अधिक वैद्यकीय महाविद्यालये असताना यादीत स्थान मिळते ते मोजक्यांनाच. यादीबाहेरचे ते वाईट, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

संस्थेचा स्वभाव क्रमांकात मावत नाही. सेवाग्रामचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांनी स्थापन केले. तेथे नवे विद्यार्थी प्रथम आश्रमात राहतात आणि प्रत्येक तुकडी एक खेडे दत्तक घेते. एखाद्याला हे वातावरण घरासारखे वाटेल, दुसऱ्याला जाचक. दोघांसाठी क्रमांक मात्र एकच!

म्हणून आता मी पालकांना काही प्रश्न विचारतो. संलग्न रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात रोज खरोखर किती रुग्ण येतात? विद्यार्थ्याला त्यांना तपासू दिले जाते, की तो केवळ मागे उभा राहतो? ते रुग्ण कोणती भाषा बोलतात आणि ती शिकण्याची मुलाची तयारी आहे का? शुल्क, वसतिगृह व पदवीनंतरच्या सक्तीच्या सेवेची अट घराला झेपणारी आहे का? मूल आजारी पडले, तर किती तासांत पोहोचता येईल? उत्तरे माहितीपुस्तिकेत मिळणार नाहीत. तेथील तिसऱ्या वर्षाच्या दोन-तीन विद्यार्थ्यांशी मुलाने स्वतः बोलावे. पालकांनी त्या वेळी जरा बाजूला बसावे.

आम्ही बालरोगतज्ज्ञ वाढीच्या तक्त्यावर मुलाचे वजन मांडतो. एखादे मूल खालच्या रेषेवर असले, तरी आपली रेषा धरून वाढत असेल, तर आम्ही निश्चिंत असतो. वरच्या रेषेवरून घसरणारे मूल मात्र आम्हांला काळजीत पाडते. महाविद्यालय निवडतानाही हेच ध्यानी ठेवावे. गुणवत्तेत मोठी तफावत असेल, तर क्रमांकाला अवश्य मान द्यावा. दहा-वीस स्थानांच्या फरकापायी मुलाची रेषा मोडू नये.

तो मुलगा महिनाभर विश्रांती घेऊन परत गेला, तेथील भाषा शिकला आणि आता आंतरवासिता पूर्ण करीत आहे. परंतु त्या वर्षीचे त्याचे एकाकीपण टाळता आले असते. त्यासाठी मी एकच प्रश्न विचारायला हवा होता : "बाळा, तुला कुठे जावेसे वाटते?"