विद्युत् तारकाम, घरगुती
वीजमापकापासून (मीटरपासून) घरातील दिवे, पंखे इ. उपकरणांपर्यंत वीज पोहोचविणाऱ्या तारा, खटके व संरक्षक साधने यांच्या मांडणीस घरगुती तारकाम म्हणतात. भारतात हा पुरवठा २३० व्होल्ट दाबाचा असतो.

वितळतार किंवा तिच्या जागी आता वापरात असलेली एमसीबी तारांचे अतिप्रवाहापासून रक्षण करते. माणसाला मात्र ३० मिलिअँपिअरहून अधिक प्रवाहही घातक ठरू शकतो. म्हणून उपकरणांची धातूची कवचे जमिनीशी जोडतात. या जोडणीस भूसंपर्क (अर्थिंग) म्हणतात.

भूसंपर्काचा रोध जमिनीवर अवलंबून असतो. सांगलीजवळील कृष्णाकाठच्या ओल धरणाऱ्या काळ्या मातीत तो कमी, तर सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेकडील खडकाळ, मुरमाड जमिनीत, विशेषतः उन्हाळ्यात, जास्त असतो. रोध ५० ओहम असल्यास सदोष उपकरणातून जमिनीत जास्तीत जास्त ४.६ अँपिअर प्रवाह जातो. तेवढ्याने १६ अँपिअरची एमसीबी तुटत नाही व कवचावर धोकादायक दाब टिकून राहतो. त्यामुळे ३० मिलिअँपिअर गळतीस पुरवठा तोडणारी आरसीसीबी बसविणे आवश्यक ठरते.

सांगलीत २००५, २०१९ व २०२१ साली कृष्णेचे पाणी घराघरांत शिरले. अशा वस्तीत वीजमापक व मुख्य खटका पूरपातळीच्या वर बसवितात. पाणी शिरण्यापूर्वी मुख्य खटका बंद करावा आणि पूर ओसरल्यावर तारा, फलक व जोड पूर्ण वाळवून, मेगरने निरोधन तपासल्यावाचून पुरवठा पुन्हा सुरू करू नये.