फील्ड टेस्टचा कागद कसा वाचायचा

मागच्या वेळी काचबिंदूबद्दल बोललो, त्यात फील्ड टेस्टचा रिपोर्ट राहून गेला. तो हातात आला की सगळ्यांची नजर आधी काळ्या डागांवर जाते आणि पोटात गोळा येतो. आम्ही मात्र सुरुवात वरच्या डाव्या कोपऱ्यापासून करतो. नजर मधल्या खुणेवरून किती वेळा हलली, दिवा लागलेला नसतानाही बटण किती वेळा दाबलं गेलं, हे तिथे छापलेलं असतं. अशी उगाच दाबलेली बटणं 15 टक्क्यांच्या वर गेली, तर खालच्या नकाशावर आम्ही फारसा भरवसा ठेवत नाही.

आता काळे डाग. उजव्या डोळ्याच्या नकाशात उजवीकडे, मध्यापासून साधारण 15 अंशांवर, एक डाग असणारच. डोळ्याची नस तिथून बाहेर पडते. तो अंधबिंदू, तुम्हाला-आम्हाला सगळ्यांनाच असतो. पापणी खाली उतरलेली असेल तर वरची कडा काळी येते. मोतीबिंदूनं सगळाच नकाशा मंद होतो, एमडी नावाचा आकडाही घसरतो. म्हणून सगळीकडची सारखी मंदता वजा करून उरलेला ‘पॅटर्न डेव्हिएशन’चा नकाशा बघायचा. काचबिंदूचं नुकसान बहुधा आडव्या मध्यरेषेपाशी थांबतं, वर तरी किंवा खाली तरी.

पहिली टेस्ट पुष्कळांची बिघडते, सवय नसते हो! पण पुन्हा केल्यावर तोच डाग त्याच जागी आला, तर उपचार लांबवू नका. गेलेली नजर परत येत नाही. आणि जुने कागद रद्दीत घालू नका. पुढच्या वेळी आम्हाला तेच शेजारी ठेवून बघायचे असतात.