न वाकणारी वात

दिवाळीच्या भेटीच्या खोक्यात हल्ली सुक्या मेव्याच्या शेजारी काचेच्या ग्लासातली एक सुगंधी मेणबत्ती हमखास असते. झाकण काढलं की मधोमध सुताच्या वातीऐवजी लाकडाची पातळ पट्टी दिसते. ती पेटवली की ज्योत उंच न जाता आडवी पसरते आणि शेकोटीजवळ बसल्यासारखी बारीक तडतड ऐकू येते. पहिल्या संध्याकाळी घरातले सगळे कौतुकाने भोवती जमतात. दुसऱ्या संध्याकाळी ती पेटायला कुरकुर करते, पेटलीच तर पाच मिनिटांत मान टाकते, आणि मग ‘माल खराब निघाला’ म्हणून कपाटाच्या वरच्या फळीवर जाऊन बसते. बहुतेक वेळा माल चांगलाच असतो. तिची निगा कशी राखायची, हे सांगणारं कुणी नसतं. आणि नुसत्या सूचना पाठ करून ही निगा राखता येत नाही. वात नेमकं करते काय, हे आधी समजावं लागतं.

मेणबत्तीत प्रकाश देतं ते मेण. वात त्याला वर आणून देते. ज्योतीच्या उष्णतेने मेण वितळतं, केशाकर्षणाने वातीतून वर चढतं, टोकाशी त्याची वाफ होते आणि ही वाफ पेट घेते. मायकेल फॅरडे यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८४८ साली, आणि पुन्हा १८६०-६१च्या नाताळात, मुलांसमोर मेणबत्तीच्या रसायनशास्त्रावर व्याख्यानमाला दिली. तिच्यातला एक प्रयोग घरी सहज करता येतो. साधी सुती वातीची मेणबत्ती विझवा. वातीतून पांढऱ्या धुराची रेघ निघेल. जळती काडी वातीला न टेकवता त्या धुरात धरा. ज्योत धुरावरून खाली उडी घेते आणि वात पुन्हा पेटते. तो धूर म्हणजे न जळलेल्या मेणाची थिजत चाललेली वाफ. मुलांना हा प्रयोग जरूर दाखवा, मात्र मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली.

सुताच्या वातीत मेण धाग्यांमधल्या फटींतून चढतं. लाकडात त्यासाठी तयार रस्ते असतात. झाड जिवंत असताना मुळांकडून पानांपर्यंत पाणी नेणाऱ्या ज्या सूक्ष्म नळ्या होत्या, त्याच आता मेण वाहून नेतात. चेरी आणि मेपल ही लाकडं या कामासाठी लोकप्रिय आहेत. त्यांची साधारण मिलिमीटरभर जाडीची पट्टी कापतात आणि ग्लासच्या तळाशी धातूच्या चिमट्यात उभी करतात. तडतडीचं कारणही लाकडातच आहे. त्याच्या पेशींमध्ये थोडा ओलावा अडकलेला असतो. तापल्यावर त्याची वाफ होते, लाकडातून निघणारे वायूही त्यात मिसळतात, दाब वाढतो आणि पेशीची भिंत फुटते. चुलीत ओलसर फाटा घातल्यावर हेच मोठ्या आवाजात होतं. प्रत्येक पट्टीचा पोत निराळा असल्यामुळे एक मेणबत्ती बोलकी निघते, तर दुसरी जवळजवळ मुकी. त्यात दोष नाही.

आता मुख्य मुद्दा. आपल्या ओळखीची सुती वात स्वतःची काळजी स्वतः घेते, आणि हा गुण तिला जन्मतः मिळालेला नाही. दोनशे वर्षांपूर्वीपर्यंत युरोपात चरबीच्या मेणबत्त्यांची जळकी वात पुन्हा पुन्हा कातरावी लागे. त्यासाठी काजळी साठवायची डबी जोडलेली खास कात्री असे, आणि नाटकगृहांत हेच काम करणारी माणसं नेमलेली असत. १८२५च्या सुमारास कांबासेरेस या फ्रेंच माणसाने वेणीसारखी विणलेली वात आणली. ही वात जळताना एका बाजूला वाकते. तिचं टोक ज्योतीच्या बाहेरच्या कडेला येतं, तिथे भरपूर प्राणवायू मिळतो आणि टोक जळून राख होतं. कात्रीचं काम त्यामुळे संपलं.

लाकडाची पट्टी वाकत नाही. ती ज्योतीच्या मध्ये ताठ उभी राहते, तिथे प्राणवायू पुरेसा पोचत नाही, म्हणून टोकाची राख न होता कोळसा होतो आणि तो तसाच उभा राहतो. पुढच्या वेळी पेटवताना मेणाला ही कोळशाची उंची चढून जावं लागतं. तेवढं ते चढत नाही. शिवाय ज्योत मेणापासून दूर गेल्याने मेण वितळतंही कमी. ज्योत उपाशी राहते आणि विझते. इथे आपला अंदाज नेमका उलटा चालतो. विझणारी वात पाहून आपल्याला वाटतं की वात आखूड पडली, आणि आपण तिला हात लावत नाही. खरं तर ती लांब झालेली असते.

म्हणून प्रत्येक वेळी पेटवण्याआधी कोळसा काढायचा. मेण पूर्ण थंड आणि घट्ट असलं पाहिजे. कागदी रुमालात वातीचं टोक चिमटीत धरा आणि हलकेच मोडा. काळा भाग कुरकुरीत झालेला असतो, तो आपोआप तुटतो. खालचं तपकिरी लाकूड दाद देत नाही, तिथे थांबायचं. कड वाकडीतिकडी राहिली तर नेलकटरने सरळ करा. मेणाच्या वर ३ ते ५ मिलिमीटर वात उरायला हवी. एकदा फूटपट्टी लावून पाहाच, कारण ही उंची डोळ्यांना फारच कमी वाटते. कातरताना ग्लास आडवा धरला तर कोळशाचे कण बाहेर पडतात. आत पडलेला प्रत्येक कण वेचून काढा; तो मेणात राहिला तर स्वतःच पेट घेऊ शकतो. ज्यांच्या घरी समई लागते त्यांच्या हाताला हे काम नवीन वाटणार नाही. वात पुढे सारणं, काजळी काढणं हे तिथे रोजचंच आहे.

कधी हात जास्त चालतो आणि वात फारच आखूड होते. मग ती वितळलेल्या मेणात बुडून विझते. अशा वेळी हेअर ड्रायरने वरचा थर वितळवून थोडं मेण कागदी रुमालाने टिपून घ्यावं, म्हणजे वात पुन्हा डोकं वर काढते.

पहिल्यांदा पेटवताना घाई करू नका. मेणाचं तळं ग्लासच्या कडांपर्यंत पोचेपर्यंत ती जळू द्यावी. ढोबळ हिशेब असा की व्यासाच्या प्रत्येक इंचाला एक तास; साडेसात सेंटीमीटर रुंद ग्लासला सुमारे तीन तास. अर्ध्या तासात विझवली तर फक्त मधला भाग वितळतो, कडेला घट्ट मेणाची भिंत राहते, आणि पुढच्या वेळी ज्योत त्याच खड्ड्यात खाली खाली जाते. सुगंधही मग कमी येतो, कारण तो पसरतो वितळलेल्या मेणाच्या पृष्ठभागावरून. तळं जेवढं रुंद, तेवढा दरवळ जास्त. खड्डा पडलाच असेल तर ग्लासच्या तोंडावर ॲल्युमिनियम फॉइल लावून मध्ये भोक ठेवावं. कडेची उष्णता आत कोंडते आणि भिंत वितळते. फॉइल तापते, ती उघड्या हाताने काढू नये. दुसरं टोकही तितकंच वाईट. सलग चार तासांपेक्षा जास्त जाळलं तर ग्लास फार तापतो आणि वातीवर कोळसा चढत जातो.

पेटवताना काडी एका टोकाला लावून पुरत नाही. ग्लास थोडा तिरका धरा आणि लांब दांड्याच्या लायटरने वातीच्या पूर्ण रुंदीवर ज्योत फिरवा. आधी एक कोपरा पेटतो, मग आग पट्टीभर पसरते. पहिल्या दोन-तीन प्रयत्नांत विझली तरी चालेल. वातीत मेण मुरेपर्यंत ती एवढा वेळ घेतेच.

आपल्याकडची खरी अडचण पंख्याची आहे. दिवाळीत मुंबई-कोकणात ऑक्टोबरचा उकाडा सरलेला नसतो, म्हणून पंखा बंद करायला कुणी तयार नसतं. लाकडी वातीची ज्योत मुळात बसकी. वाऱ्याने ती एका बाजूला लवते, त्या बाजूची काच काळवंडते आणि मेण तिरकं वितळतं. पंख्याखालची जागा सोडून खोलीचा शांत कोपरा शोधा, पण खोली बंद करू नका. पडदे, झेंडूच्या माळा, तोरणं, आकाशकंदिलाच्या झिरमिळ्या यांपासून निदान हातभर अंतर हवं, आणि ज्योत तेवत असताना खोलीत माणूस हवाच. ग्लासखाली बशी किंवा फरशीचा तुकडा ठेवावा. मेण पातळ असताना ग्लास उचलू नये. पाणी तर कधीच ओतू नये. गरम मेणावर पाण्याची क्षणात वाफ होऊन मेण उडतं, शिवाय काचेला तडा जातो. फुंकर मारली तर मेण उडण्याची भीती असते आणि धुराचा वास सुगंधावर मात करतो. धातूचं झाकण किंवा लांब दांड्याची टोपी वातीवर धरली की काम होतं.

अशा मेणबत्त्यांत बहुधा सोयाबीनचं मेण असतं. सोयाबीन म्हटलं की आपल्याला लातूरची बाजारपेठ आठवते. तिथे भाव मिळतो तो तेलासाठी आणि पेंडीसाठी. मेणही त्याच तेलापासून बनतं. तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करतात. वनस्पती तूप करण्याची रीत तत्त्वतः हीच. हे मेण पॅराफिनपेक्षा मऊ आणि साधारण पन्नास अंशांच्या आसपास वितळणारं. म्हणून उन्हाळ्यात त्यावर तेलाचे थेंब येतात. ते टिपून घ्यावेत; मेण खराब झालेलं नसतं. उन्हात किंवा बंद गाडीत मात्र ठेवू नये. पावसाळ्यात झाकण लावून ठेवणं गरजेचं, कारण लाकूड हवेतला ओलावा ओढून घेतं आणि ओली वात धड पेटत नाही.

तळाशी सेंटीमीटरभर मेण उरलं की थांबायचं. त्याखाली उष्णता थेट काचेला लागते. ग्लास दोन-तीन तास फ्रीझरमध्ये ठेवला तर मेण आकसतं आणि चाकूच्या टोकाने तळाच्या चिमट्यासकट सुटून येतं. गरम पाणी ओतून वितळवलेलं मेण मोरीत किंवा सिंकमध्ये जाऊ देऊ नका, ते नळीत थिजून बसतं. सुटलेलं मेण कोळशाचे कण काढून वाटीत घ्या, ती वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवा, आणि वितळलेलं मेण छोट्या साच्यांत फुलवातींवर ओता. तूपवाती करतो तशाच या मेणवाती होतात आणि देवदिवाळीच्या पणत्यांत कामी येतात. ग्लास साबणाच्या पाण्याने स्वच्छ धुऊन कोरडा केला की पुन्हा वापरायला मोकळा.